वैनींच्या खानावळीतली शाळा

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यातला एक असा, की त्यानंतर आमच्या घरातलं एक माणूस पुन्हा कधी उजव्या हाताने जेवलं नाही. तो आधीच सांगून टाकते. ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, इंदूवैनी, गेल्या महिन्यात गेल्या. आता तो मूर्खपणा सांगायला घेतला तरी मध्येच "पुरे गो, किती उगाळशील" म्हणणारं कोणी उरलेलं नाही. तर झालं असं. मी तेव्हा विशीत होते, मॅट्रिक पास होते, आणि त्यामुळे मान जरा जास्तच वर धरून चालत होते. हिवाळ्यातल्या एका दुपारी आठ वर्षांच्या पुतणीला मी सहलीला नेलं. घरी सांगितलं राणीचा बाग, नेलं शिवडीला. आणि परतायची वेळ कळावी म्हणून गिरणीच्या भोंग्याची वाट बघत बसले... ज्या दिवशी भोंगा होणारच नव्हता.

वैनी गेल्याची बातमी त्याच पुतणीने, कुंदाने, फोनवर दिली. रडली नाही. "काकी, आई गेली. सकाळी. अर्धा चहा पिऊन झाला होता," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "उरलेला अर्धा?" आता हा काय प्रश्न झाला? पण माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा तोंडातून जे निघतं त्याला अर्थ नसतो. कुंदा म्हणाली, "तसाच आहे. टाकवत नाहीये."

त्याच्या आदल्या आठवड्यात मी लालबागला वैनींना भेटून आले होते. त्या पलंगावर होत्या, समोरच्या भिंतीवर पिठाच्या डब्याच्या झाकणाएवढं घड्याळ टकटकत होतं, दृष्टी त्यांची माझ्यापेक्षा चांगली होती. तरी मी आत पाऊल टाकल्या टाकल्या नेहमीचा प्रश्न आलाच, "किती वाजले गो?" मी मनगट वर करून वेळ सांगितली. त्यांनी मग माझा हात धरून घड्याळ स्वतःकडे वळवलं, मी खोटं तर बोलत नाही ना ते पाहिलं, आणि हात सोडला. माझ्या सुना, नातवंडं या प्रकाराला हसत. आजीला वेळ विचारायचं वेड आहे म्हणत. मी कधी कोणाला समजावलं नाही.

मी जन्माने गिरगावातली. आमच्या चाळीत शुद्ध बोलायची चढाओढ असे. 'होतं' म्हणायच्या जागी कोणी 'व्हतं' म्हटलं तर आई पाणी पिऊन ये म्हणायची. अशी मी लग्न होऊन लालबागला आले ती जणू काही अंधारात कंदील घेऊनच. घर दोन खोल्यांचं. भावोजी, म्हणजे माझे मोठे दीर, आणि आमचे हे, दोघेही एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. वैनी खानावळ चालवायच्या. गावाकडून एकटे आलेले, बायकामुलं कोकणात ठेवलेले कामगार आमच्याकडे जेवायचे. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे सकाळी भरून जायचे, दुसऱ्या पाळीचे लोक कामावर जाण्याआधी पंगतीला बसायचे, आणि रातपाळीवाले आमच्याच बाहेरच्या खोलीत दिवसा ओळीने झोपलेले असायचे. आमचे हे त्यातच, भिंतीकडून दुसरे. घरात घड्याळ नव्हतं. गरजच नव्हती. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की पानं मांडायची, भोंगा झाला की भाकऱ्या थापायला घ्यायच्या. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ असू शकतं, पण भोंगा चुकलेला मी तोवर ऐकला नव्हता. माझ्या माहेरी भिंतीवर लोलकाचं घड्याळ होतं हे मी सासरी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं, आणि महिन्याभरात मीही भोंग्यावर उठायला-बसायला लागले होते.

कुंदा ही वैनी-भावोजींची एकुलती एक. लहानपणी ताप आला आणि तो उतरताना तिच्या दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. पहिलीभर वैनींनी तिला कडेवर घेऊन शाळेचे तीन जिने चढून वर्गात बसवलं, दुपारी परत उतरवलं. मधल्या वेळात धावत घरी येऊन डबे भरले. दुसरीच्या वर्षी एकदा पोरीसकट जिन्यात कोसळल्या. तेव्हा मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "हे असं चालायचं नाही. पाचवीचा वर्ग आमच्याकडे तळमजल्यावर आहे. तोवर मुलीला घरीच शिकवा. परीक्षा घेईन, पास झाली तर थेट पाचवीत बसवीन. नापास झाली तर मात्र माझ्याकडे येऊ नका." बाई बोलल्या कडक, पण दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. वैनींच्या सगळ्या आयुष्यात तेव्हा ते एकच दार होतं. पाय गेलेल्या मुलीचं चाळीत काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. खालच्या मजल्यावरची एक अशीच मुलगी वाढून बाई झाली होती आणि दिवसभर गॅलरीत बसून लोकांच्या गोधड्या शिवायची. वैनी तिच्यासमोरून जाताना मान वळवत नसत.

मी आले आणि मॅट्रिक असल्याची दवंडी पिटली. वैनींनी माझ्याकडे पाहिलं, जसं बाजारात चांगल्या ताज्या बांगड्याकडे बघतात तसं. "शिकवशील चेडवाक?" त्यांनी विचारलं. चेडू म्हणजे मुलगी, हे मला तोवर कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "त्यात काय?" झालं. दुसऱ्या दिवशीपासून शाळा. आणि मी ती काय थाटात सुरू केली म्हणता! एक विद्यार्थिनी, तरी हजेरी घेतली. "कुंदा?" "हजर." मग वाटीवर चमचा आपटून घंटा वाजवली. बाहेरच्या खोलीत रातपाळीची रांग झोपलेली. त्यातल्या एकाने झोपेतच उशी भिरकावली, ती माझ्या पाठीत बसली. ती उशी आमच्या ह्यांची होती, हे पुढे बरीच वर्षं मी त्यांना ऐकवलं. वैनी आतून डाव घेऊन आल्या. "घंटा वाजवतंस? थय माणसां झोपली आसत. शाळा भरव, पण कुजबुजत भरव."

तेव्हापासून आमची शाळा कुजबुजत भरली. पाढे कुजबुजत, कविता कुजबुजत, चुकलं तर रागावणं तेही कुजबुजत, आणि कुजबुजत रागावता येत नाही हे मला तेव्हा कळलं. आवाज चढवायची सोय नसल्यामुळे मी नाइलाजाने बरी मास्तरीण झाले. डबे गेल्यापासून दुसऱ्या पाळीची पंगत बसेपर्यंत आमचा वेळ. पंगत लवकर आली तर वैनी उंबऱ्यात उभ्या राहून तोंडावर बोट ठेवायच्या. "शाळा भरलीहा." आणि मग ती सात-आठ दांडगी माणसं, साच्यांच्या आवाजात राहून ज्यांना ओरडूनच बोलायची सवय, मुकाट भात कालवत बसायची. वैनींच्या गावचा अंतू म्हणून एक होता, जॉबर लोकांशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमांशी, भांडायला पुढे. तो एकदा कुंदाचा सतराचा पाढा ऐकता ऐकता मध्येच पुढचं म्हणून गेला आणि चुकला. कुंदाने मान वर न करता बरोबर करून दिलं. अंतू ओशाळला. "काय गो मास्तरणी," तो म्हणाला, "तुझ्या काकीपेक्षा तू कडक." पुढच्या आठवड्यात त्याने गिरणीतल्या मोडीतल्या चार बेअरिंग आणून एका फळीला ठोकल्या, पुढे दोरी लावली, आणि कुंदाची गाडी तयार झाली.

ती गाडी झाली म्हणून सहली झाल्या. सहलीची कल्पना माझी नव्हे, वैनींची. मला तर पुस्तक सोडून बाहेर जायचं म्हणजे अभ्यास बुडाला असं वाटायचं. पण वैनी म्हणाल्या, "चार भिंतीत वाढला तर शाळेत गेल्यार माणसां बघून रडात. तिका भायर ने. दुनिया दाखव." मग आठवड्यातून एकदा, डबे गेले की, आमची वरात निघायची. फळीवर कुंदा, मांडीवर पुस्तकं, पुढे दोरी ओढत मी. बेअरिंगचा खडखडाट असा की लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत. गिरगावच्या चौपाटीला नेलं, प्रभादेवीच्या किनाऱ्याला नेलं. राणीच्या बागेत माकडाने माझं व्याकरणाचं पुस्तक पिंजऱ्यात ओढून घेतलं आणि एकेक पान फाडून बघितलं. घरी आल्यावर रडकुंडीला येऊन सांगितलं तर वैनी म्हणाल्या, "बरां झाला. कोणीतरी वाचल्यान." कुंदा इतकी हसली की तिला उचकी लागली. वैनी मला अशा सतत टोचायच्या. मी सासरी आल्या आल्या माझ्या 'मी'पणाची हवा काढायचं काम त्यांनी हातात घेतलं होतं, आणि मी फुगवत राहायचे, त्यामुळे त्यांना काम पुरलं. सहलीला नियम मात्र एकच. "पाळी बदलायचो भोंगो झालो काय उठायचा. थय हत्ती नाचत असलो तरी उठायचा. माका हात कमी पडतत." पहिली पाळी सुटली की माणसं चहाला, खायला येत, आणि एकट्या वैनींना तेवढं उरकत नसे.

ते दिवस कसले होते ते आजच्या वाचकांना पुस्तकांतून माहीत असेल. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली होती. पंगतीला दुसरं बोलणंच नव्हतं. शाळा भरलेली असली तरी आता ती माणसं गप्प बसत नसत. गॅलरीत पोरं मोर्चा मोर्चा खेळत आणि कुंदाला गाडीवर बसवून पुढारी करत. ती मात्र घोषणासुद्धा कुजबुजत द्यायची, म्हणून पोरं वैतागायची. भावोजी या सगळ्यात नव्हते. सभेला जात, मागे उभे राहत, घरी येत. त्यांना आवड एकच. कामावरून आल्यावर कुंदाला मांडीवर घेऊन ती दिवसभरात काय शिकली ते विचारायचं, आणि प्रत्येक उत्तराला "असा?" म्हणायचं. बेट म्हणजे काय हे त्यांनी तिला दहादा तरी विचारलं असेल, केवळ ती सांगते कशी ते ऐकायला.

तर ती दुपार. वैनींना म्हटलं, राणीच्या बागेत जातो. नाक्यावर आलो तर पानवाला म्हणाला, "बाई, भायखळ्याच्या बाजूला नका जाऊ. गर्दी जमतेय, काहीतरी होणार." कोणाही शहाण्या बाईने गाडी वळवून घर गाठलं असतं. मी गाडी वळवली आणि शिवडीची वाट धरली. मनात म्हटलं, बघा, धोका टाळला की नाही? शिवाय बेट आणि भूशिर चिखलात काढून दाखवता येईल. घर दोन मिनिटांवर होतं. परत जाऊन सांगावं, की बेत बदलला... तेवढंही सुचलं नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूष होते.

शिवडीला खाडीच्या काठाला सुरेख शांतता होती. ओहोटी होती. मी काठीने चिखलात बेट काढलं, भूशिर काढलं, आखात काढलं. कुंदाने शंख लावून त्यावर गावं वसवली, एका गावाला स्वतःचं नाव दिलं. आणलेली भाकरी खाल्ली. मी कान भोंग्याकडे लावून निर्धास्त बसले. समुद्र तिथे पूर्वेला, म्हणजे सूर्य आमच्या पाठीशी. आमच्या सावल्या समोरच्या चिखलावर हळूहळू लांब होत चालल्या होत्या. आणि ऐका, मी काय केलं... मी त्या सावल्यांवर धडा घेतला! "बघ कुंदा, सूर्य खाली गेला की सावली लांब होते." सांगितलं मी, शिकली ती, आणि सूर्य खाली गेला आहे याचा अर्थ काय हे दोघींपैकी जिला कळायला हवं होतं तिला कळलं नाही. भरती आली, आमचं बेट बुडालं, कुंदाचं गाव बुडालं. त्यावरही मी धडा घेतला.

शेवटी कुंदाच म्हणाली, "काकी, गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर येत नाहीये."

"वारा दुसरीकडचा असेल."

"काकी, भोंगा झालाच नाही ना आज?"

मी उठून चिमण्यांकडे नीट पाहिलं. एवढ्यात सायकलवरचा एक माणूस आमच्याकडे बघून थांबला. "अहो बाई, पोरीला घेऊन इथे काय बसलाय? गिरण्या दुपारीच बंद पडल्या. माणसं बाहेर आली सगळी. तिकडे पळापळ चालू आहे, कर्फ्यू लागतोय. घर गाठा." तो पुढे गेलाही. मी दोरी धरली आणि पळत सुटले. रस्ते रिकामे. दुकानांना फळ्या लावलेल्या. मधोमध चपला पडलेल्या, एकेक, जोडीवाचून. त्या सामसुमीत आमच्या गाडीचा खडखडाट मला इतका मोठा वाटायला लागला की मी कुंदाला पाठुंगळी घेतलं आणि गाडी तिथेच टाकली. काळाचौकीच्या अलीकडे एका खोलीचं दार किलकिलं झालं, एका बाईने मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. सकाळी रस्ता मोकळा होईपर्यंत तिने आम्हांला बाहेर पाऊल टाकू दिलं नाही. कुंदा झोपली. झोपण्याआधी मला म्हणाली, "काकी, बाबांना आज बेट सांगायचं राहिलं."

घरी पोचलो तेव्हा वैनी चुलीपुढे होत्या. त्यांनी कुंदाला माझ्या पाठीवरून उतरवून घेतलं, डोकं चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. मग माझ्याकडे बघितलं. "पाणी भर," त्या म्हणाल्या. "नळ जायत." मी हंडा घेऊन गॅलरीत आले तेव्हा शेजारणीने सांगितलं, भावोजी इस्पितळात आहेत.

दुपारी गिरणी बंद पडल्यावर ते घरी आले होते. वैनींनी त्यांचं पान वाढलं. पोर कुठे आहे, त्यांनी विचारलं. राणीच्या बागेत, वैनी म्हणाल्या. भायखळ्याच्या बाजूला काय चाललं आहे ते भावोजी डोळ्यांनी बघून आले होते. वाढलेल्या पानावरून ते तसेच उठले. पानवाल्याने मला ज्या रस्त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं, बरोबर त्याच रस्त्याला ते आम्हांला शोधत गेले. धावत्या गर्दीत ते पडले आणि गर्दी त्यांच्या उजव्या कोपरावरून गेली. कोणाची लाठी, कोणाची टाच, त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मी इस्पितळात गेले तेव्हा मला बघून ते उठून बसायला लागले. म्हणाले, "चेडू बरां आसा मां?" मी हो म्हटलं. "मग झाला," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

कोपर जुळलं, पण वाकायचं राहिलं. साच्यावर दोन हात लागतात. गिरणीने त्यांना काही दिवस झाडूकामावर ठेवलं, मग तेही थांबलं. घर खानावळीवर आलं. भावोजी डाव्या हाताने विळीवर कांदे चिरायला शिकले, आणि चाळीतले पुरुष जाता-येता काही बोलले तरी खाली मान घालून चिरत राहिले. एक मात्र त्यांना जमलं नाही. डाव्या हाताने जेवताना चारचौघांत बसणं. ज्या पंगतीत ते पहिले बसायचे, तिथून पान उचलून ते आतल्या खोलीत न्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आंदोलनात जखमी झालेले म्हणून त्यांचा सत्कार करायला मंडळी एकदा हार घेऊन आली. सगळी चाळ गोळा झाली. भावोजींनी हार हातात घेतला नाही. "मोर्च्यात नव्हतंय मी," ते म्हणाले, "चेडवाक शोधूक गेल्लंय." हारवाले अवघडून उभे. सगळी चाळ माझ्याकडे बघतेय. माणूस खोटं बोलून मोठा झाला असता, तर मी तेवढी छोटी झाले नसते. पण ते खरं बोलले, आणि पुढेही ज्याने ज्याने विचारलं त्याला तेच बोलले.

वैनी मला काही बोलल्या नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगतेय. मीठ दे, पाणी भर, चूल विझली बघ, एवढंच. मला टोचणं बंद झालं. कुंदाची पाटी त्यांनी उचलून भांड्यांच्या वरच्या फळीवर ठेवली, तिथे कुंदाचा हात पोचणं शक्यच नव्हतं. पुस्तकं गाठोड्यात गेली. डबे गेल्यानंतरचा वेळ आता कांदे चिरण्यात, तांदूळ निवडण्यात जायला लागला, आणि कुंदा निवडायला बसायची. मी बघत होते, तिची पाठ हळूहळू त्या गोधड्या शिवणाऱ्या बाईसारखी वाकायला लागली होती. शाळेच्या बाईंची परीक्षा जूनमध्ये. विचारायची माझी छाती होत नव्हती. मी ह्यांना म्हटलं, मला गिरगावला पोचवा, मी नाही राहत इथे. हे म्हणाले, "जा की. पळून जायला तुला कोण भोंगा लागतोय?" आयुष्यात एवढंच एक वाक्य ते माझ्या वरचढ बोलले.

कुंदा जूनमध्ये पाचवीत बसली, हे इथेच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बाईंनी तिला तोंडी पाढे विचारले तेव्हा ती कुजबुजली. बाई म्हणाल्या, "मोठ्याने म्हण." तिला येईना. बाईंनी खुर्ची पुढे ओढून तिच्या तोंडाशी कान नेला आणि ऐकलं. पुढे ती बीए झाली, आणि दादरच्या एका वाचनालयात नोकरीला लागली, जिथे कुजबुजून बोला अशी पाटी भिंतीवर असते. वैनी म्हणायच्या, बघ, तुझ्या शाळेचो उपयोग झालो. हे सगळं मिळालं, पण फुकट नाही मिळालं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीला दिवे लावले, वैनींनी सगळ्या पंगतीला गोडाचं जेवण केलं, अंतू नाचला. भावोजींनी गॅलरीत डाव्या हाताने एक पणती लावली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवले. मी पुरी वाढायला गेले. त्यांनी पानावर हात आडवा धरला. रागाने नव्हे, पोट भरलं होतं त्यांचं... असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. ते गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. मग गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, जेवायला येणारे आपापल्या गावी गेले. वैनींनी खानावळ मिटली आणि भिंतीवर ते मोठं घड्याळ लावलं. आणि तोवर वेगळ्या बिऱ्हाडाला गेलेली मी कधीही भेटायला गेले की त्याच्याकडे न बघता मला विचारायच्या, किती वाजले गो.

तेरावं झाल्यावर मी आणि कुंदा दोघीच त्या खोलीत होतो. तो अर्ध्या चहाचा कप तिने धुऊन उपडा घातला होता. ती वैनींची लुगडी घड्या करून ठेवत होती आणि प्रत्येक घडीला ओठ हलत होते. साठी उलटलेली बाई, मोजते अजून कुजबुजत. मध्येच थांबून म्हणाली, "काकी, आईने तुला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला का गं? मला ती म्हणायची, मीच पाठवलं होतं भायर. तुला काय म्हणाली?"

"एकदाच म्हणाल्या," मी सांगितलं. "तू तिथेच होतीस, पण तुझी पाठ होती."

भावोजी इस्पितळातून आले त्यानंतरचे ते दिवस. सकाळची वेळ. ते पान घेऊन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. डाव्या हातातून भात सांडत होता. कुंदा जमिनीवरून सरकत सरकत गेली आणि त्यांच्या शेजारी, तीही भिंतीकडे तोंड करून बसली.  मग तिने सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं. सतराचा पाढा, कुजबुजत. भावोजींचा हात थांबला. "असा?" ते म्हणाले. मग ती पुढे म्हणाली, आणि ते पुढचा घास जेवले. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि वैनी चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी उलटली नाही. मग त्या उठल्या. पिठाच्या हातानेच वरच्या फळीवरची पाटी काढली, पदराने पुसली, आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. परत चुलीपुढे बसल्या, करपलेली भाकरी उलटली, आणि म्हणाल्या,

"उद्या डबे गेले काय चेडवाक घेवन बस. आणि आधी तिका घड्याळ शिकव. तू पण शीक."